नानांच्या सेटमधले दोन क्रिस्टल

आमच्या घरात सासरे आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं हो, रीत होती. मी जळगावची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन धुळ्याला आले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मला काही सांगायचं असलं की ते आक्कांना सांगतात. आक्का म्हणजे सासूबाई. मी समोर चांगली हातभर अंतरावर उभी असले तरी नाना आक्कांकडे बघून म्हणायचे, "वहूले सांग, च्या ठेव म्हना." आक्का माझ्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "च्या ठेव." जसं काही मला कानच नाहीत. मग साखर संपली आहे हे मी आक्कांना सांगायचं आणि आक्कांनी ते नानांना.

आक्का घरात नसल्या की आणखी मजा. नाना ओट्यावरून तुळशीला विचारायचे, "कोनी घरमा शे का? पानी जोयजे." मी आतून तांब्यावर पेला वाजवायची. टण्. म्हणजे ऐकलं, आणते. तुळस बिचारी उत्तर देत नसे, पण पाणी यायचं.

माहेरी मी तोंडाळ म्हणून गाजलेली. हिला सासरी कोण सांभाळून घेणार, असं माझे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. मी चौदा-पंधरा वर्षांची असतानाच ते गेले, पण आवाज अजून कानात होता. आणि इथं असा सासरा मिळाला की ज्याच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. "न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत," असं आई म्हणायची. या घरात सगळे गहूच.

मी जळगावला आयटीआयतून रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला होता. वर्गात मुलगी मी एकटीच. आमचं खाली दुकान आणि वर घर; तुळस आणि नानांचा ओटाही वरच, जिन्याच्या तोंडाशी. आमचे हे शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून द्यायचे आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर मी लोकांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर उघडून बसायची. नानांना ते आवडतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. कळणार कसं? विचारायचं तर आक्कांमार्फत, आणि आक्का असले प्रश्न पुढे पोचवत नसत.

नाना पाटबंधाऱ्यात पाटकरी होते. जन्मभर कालव्याचं पाणी या शेतातून त्या शेतात वळवलं आणि निवृत्त झाल्यावर पांझरेच्या काठी जाऊन बसू लागले. पट्टीचे पोहणारे. तालमीतली पोरं, शाळेतले एक गुरुजी, पुलाजवळ रेडिएटर दुरुस्त करणारे एक चाचा, अशी काही माणसं त्यांनी जमवली. नदीला पूर आला की कुणी सांगायची वाट न बघता हे लोक दोर आणि ट्रकच्या ट्यूबा घेऊन काठावर हजर. उन्हाळ्यात पांझरेत वाळू आणि गाढवं दिसायची, पण पावसाळ्यात वर साक्रीकडे पाऊस झाला की इकडे कोरड्या उन्हात पाणी अंगावर यायचं. एका काठावरचा माणूस दुसऱ्या काठावर ओरडायचा आणि आवाज पाण्यात जायचा. त्यात एकदा एक जनावर आणि त्याच्यामागे गेलेला माणूस, दोघंही हातचे गेले. नाना त्यानंतर पुष्कळ दिवस जेवताना बोलले नाहीत, आक्कांशीसुद्धा.

मग गुरुजींनी वायरलेसचं डोक्यात घेतलं. एका सूतगिरणीनं चौकीदारांसाठी घेतलेले आणि नंतर मोडीत काढलेले हातात धरायचे सेट त्यांनी मिळवले. सरकारी परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. परवाना आला. त्यात पथकासाठी एक फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली होती आणि सेट तर गिरणीच्या फ्रिक्वेन्सीवर बसवलेले. आताची पोरं कॉम्प्युटरला वायर जोडून असले सेट चुटकीसरशी बदलतात म्हणे. तेव्हा प्रत्येक सेटच्या पोटात क्रिस्टल असायचे. चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी, खाली दोन पाय. एक क्रिस्टल बोलण्याचा, एक ऐकण्याचा. फ्रिक्वेन्सी बदलायची म्हणजे जुने दोन्ही काढायचे, नवे दोन्ही लावायचे आणि मग सेट त्या आकड्यावर नेमका आणून ठेवायचा. गुरुजी धुळ्यात हिंडले आणि शेवटी आमच्याच मागच्या खोलीत आले.

"करता येईल का वहिनी?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून नानांचा आवाज आला. आक्कांना सांगत होते, "वहूले सांग, सेट बिघडनात तरी चाली, हात सांभाळीसन कर म्हना."

घ्या. परवानगी मिळाली.

नवे क्रिस्टल पोस्टानं आले, कापसात गुंडाळलेले. आक्का म्हणाल्या, एवढ्याशासाठी एवढा जीव काढला का गुरुजींनी? मी सेट एकेक करून उघडले. आतले बारीक स्क्रू फिरवायला लोखंडी पेचकस चालत नाही. लोखंड जवळ गेलं की आकडा हलतो आणि पेचकस काढला की पुन्हा भलतीकडे जातो. मी आक्कांची विणायची प्लॅस्टिकची सुई घेतली आणि टोक कानशीनं घासून चपटं केलं. आक्कांनी त्यावर मला जे ऐकवलं ते मात्र थेट ऐकवलं, मध्ये कुणी नव्हतं. गुरुजींनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. अँटेनाच्या जागी मी छोटा बल्ब लावायची. बटण दाबलं की बल्ब पेटायचा, म्हणजे सेट बोलतोय. मग सुई हळूच फिरवायची, आकडा जागेवर येईपर्यंत. त्या खोलीत वितळलेल्या कथिलाचा वास, खालून मोटारींच्या वार्निशचा वास आणि मधूनच आक्कांच्या फोडणीचा. आजही कुठे कथिल तापलं की मला भूक लागते.

चाचांनी पाइप वेल्ड करून गच्चीवर उंच अँटेना उभी करून दिली. तिच्या वायरला एक सेट कायमचा जोडून ठेवला, तो कंट्रोल. गुरुजी कंट्रोलवर बसणार आणि ते नसले तर मी, असं ठरलं. गच्चीच उंच, त्यामुळे सगळ्या सेटांचं कंट्रोलला ऐकू यायचं आणि कंट्रोलचं सगळ्यांना. नदीतल्या खोलगटातले सेट मात्र एकमेकांना धड ऐकत नसत. मधला माणूस लागायचाच. मला त्याची सवय होती.

दर रविवारी सकाळी तपासणी. काय सांगू त्या तपासण्या. बटण दाबून बोलायचं, शेवटी ओव्हर म्हणायचं आणि बटण सोडायचं, एवढं साधं काम. पण आमचा माणूस आधी रामराम घालणार, मग जेवण झालं का विचारणार, मग पाऊसपाण्याचं, आणि बटण दाबलेलंच. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं कसं? चाचा सलाम करून थांबायचे, समोरच्यानं सलाम घेतल्याशिवाय पुढे बोलायचेच नाहीत. बोलणं संपलं की आउट म्हणायचं असतं, ते म्हणायला तर एकही जण तयार होईना. पुरात उतरणाऱ्या माणसानं आउट म्हणायचं? सगळे "येतो बरं का" म्हणायचे. गुरुजींनी कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं.

आणि नाना. गुरुजी कंट्रोलवर असले की नाना खणखणीत बोलायचे. मी असले की बोलायचे नाहीत. "कंट्रोलवरून नानांना, ऐकू येतंय का, ओव्हर," असं मी म्हटलं की तिकडून नुसतं बटण दाबून सोडल्याचा आवाज यायचा. खस्स. बस. मी तांब्यावर पेला वाजवत होते ना, तसंच. ऐकलं, एवढंच. पहिल्यांदा मला हसू आलं. मग तालमीतली पोरंही मला खस्स करू लागली, नाना करतात म्हणून. गुरुजी म्हणाले, राहू द्या वहिनी, हीसुद्धा एक भाषाच झाली. मी म्हटलं, गुरुजी, हिच्यात हो म्हणता येतं, नाही कसं म्हणायचं?

मग एका पावसाळ्यात तो दिवस आला. गुरुजी नातेवाइकांकडे जळगावला गेले होते आणि आमचे हे एक मोटार बसवायला पारोळ्याला. दुपारची वेळ. धुळ्यात नुसती भुरभुर. गावाच्या खालच्या अंगाला नदीत एक टेकाड आहे, दोन धारांच्या मध्ये. त्यावर देवीचं छोटं देऊळ आणि देवळाची झाडलोट करणारी म्हातारा-म्हातारी. पाणी वाढायला लागलं तशी त्यांना काढायला म्हणून नाना तालमीतली दोन पोरं घेऊन टेकाडावर गेले. गावाकडच्या धारेतून, छातीभर पाण्यातून. चाचा पलीकडच्या काठावर ट्यूबा आणि दोर घेऊन उभे होते. मी गच्चीवर कंट्रोलला आणि आक्का खाली दुकानात, फोनजवळ.

फोन वाजला. आक्का जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी गच्चीवर येत नसत. "वरतून फोन उना," त्या म्हणाल्या. "पानी सोडं म्हनतस. गावकडनी धार भरी जाई म्हनतस."

म्हणजे वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. नाना ज्या बाजूनं गेले होते, त्याच बाजूनं परत निघाले तर संपलं. आणि ते त्याच बाजूनं परत येणार होते, कारण तेच ठरलं होतं.

मी बटण दाबलं. "कंट्रोलवरून नानांना. वरून पाणी सोडलंय. गावाकडच्या धारेत उतरू नका. ऐकू आलं का, ओव्हर."

खस्स.

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ऐकलं, ते कुठून ऐकलं? टेकाडावरून की पाण्यात उतरल्यावर? "नाना, तुम्ही टेकाडावर आहात की धारेत? ओव्हर."

खस्स.

"म्हातारा-म्हातारी बरोबर आहेत का? ओव्हर."

खस्स.

हो आणि नाही, दोन्हीला तेच. मी सेट आक्कांपुढे धरला. तुम्ही विचारा, मी म्हटलं, तुमच्याशी तर बोलतात. आक्कांनी सेट दोन्ही हातांत घेतला, बटण दाबलं आणि ओठ हलवले, पण आवाज निघेना. साऱ्या पथकाला ऐकू जाईल अशी त्यांनी नवऱ्याला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी सेट माझ्या हातात परत दिला आणि माझा दंड घट्ट धरून ठेवला.

मग माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं वर आलं म्हणा. मी बटण दाबलं आणि घोगऱ्या आवाजात बोलले, "नाना, भांडं वाजवू नका. ही रीत घरी ठेवा. तुम्ही बोलला नाहीत तर मी दोर कुठल्या बाजूला पाठवू? आक्का इथं रडताहेत. माझे वडील असते तिथं, तर माझ्याशी बोलले असते की नाही? बोला. ओव्हर."

बटण सोडलं. काही नाही. खस्सही नाही.

हे मला आजतागायत विसरता आलेलं नाही. सेटमधून नुसतं फुसफुस येत होतं. मला कळेना, हे गप्प बसले आहेत की पाण्यानं गप्प केलं आहे. रागावले असतील तर जिवंत आहेत. मी देवाला एकच म्हणत होते, रागावलेले असू देत. सुनेनं चारचौघांत तोंड टाकलं म्हणून आयुष्यभर माझं तोंड बघू नका, घरातून काढा, पण रागावलेले असा. आक्कांची नखं माझ्या दंडात रुतली होती.

"बोल आंडेर." नानांचा आवाज. "ऐकी राह्यनू. ओव्हर."

आंडेर म्हणजे लेक. माझ्या नणंदेला, भडगावला दिली होती तिला, ते अशी हाक मारायचे. मला आजवर आक्कांमार्फत मिळाली ती वहू.

आक्कांनी मला हलवलं. मग मी विचारलं आणि नाना सांगत गेले. ते टेकाडाच्या उतारावर होते, पाय पाण्याला लागले होते, म्हातारी एका पोराच्या पाठीवर होती. माघारी फिरा, मी म्हटलं, देवळाच्या पायऱ्यांवर जा. चाचा पलीकडून दोर टाकतील. चाचांना सांगितलं. चाचांनी त्या दिवशी सलाम केला नाही. नाना विचारत होते, मी सांगत होते, चाचा सांगत होते, मी नानांना पोचवत होते. पलीकडची धार उथळ होती. ट्यूबांवरून आधी म्हातारी, मग म्हातारा, मग पोरं आणि सगळ्यांच्या शेवटी नाना. ते काठाला लागले तेव्हा गावाकडच्या धारेचं पाणी झाडांच्या बुंध्यांवर चढलं होतं, असं चाचा नंतर सांगत.

पूल बंद होता म्हणून नाना लांबच्या वाटेनं, दिवेलागणीला घरी आले. धोतर-सदरा काही विचारू नका, नुसता चिखल. माझ्याकडे न बघता ओट्यावर टेकले आणि आक्कांना म्हणाले, "वहूले सांग, च्या ठेव म्हना."

मला इतका राग आला की हसू आलं. मी आत जाऊन तांब्यावर पेला असा हाणला की पेल्याला पोचा पडला. तो पेला अजून आहे.

घरात रीत तशीच राहिली. पण रविवारच्या तपासणीला नाना काठावर जायचे, मी गच्चीवर, आणि नाना बोलायचे. आधी पाण्याचं. मग हळूहळू इतर. माझे वडील काय करायचे. भरताची वांगी जळगावची खरी की आमच्या काठची. रेडिओ उघडल्यावर माणसाचा आवाज नेमका कुठून निघतो. आख्खं पथक ऐकायचं, कुणी मध्ये बोलायचं नाही. शेवटी "येतो बरं का, आंडेर," म्हणायचे. घरी आले की पुन्हा तुळशीशी बोलणं सुरू.

पुढे आक्का गेल्या. आमच्या मधला माणूसच गेला. पथकही तोवर पांगलं होतं, सेट कपाटात पडले होते. तेराव्यानंतर नाना ओट्यावर नुसते बसून राहायचे आणि मी आत. एक दिवस मी कपाटातून दोन सेट काढले, बॅटऱ्या चार्ज केल्या, एक नानांच्या बाजेवर ठेवला आणि एक फडताळात मिठाच्या बरणीशेजारी. थोड्या वेळानं बरणीशेजारून आवाज आला, "आंडेर, च्या ठेव. ओव्हर." ओट्यापासून चुलीपर्यंत हाकेचंही अंतर नव्हतं. शेजारणी हसायच्या. हसू देत.

नव्वदीच्या शेवटी नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतंय, बोलता येणार नाही. मी घरी आणल्यावर सेट त्यांच्या डाव्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. "नाना, ऐकू येतंय का? ओव्हर."

खस्स.

मी फडताळाला धरून रडले. मग डोळे पुसले आणि विचारलं, चहा ठेवू का? खस्स. त्यानंतर मी दिवसभर बोलायची. भाजीवाल्याशी झालेलं भांडण, कुणाची मोटार जळाली, नदीला किती पाणी आहे. तिकडून खस्स. कधी लांब दाबून धरलेलं, कधी पटकन. पुढे पुढे मला त्यातलं हो आणि नाही दोन्ही कळायला लागलं.

एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, "नाना, आलं टाकू का? ओव्हर."

सेटमधून नुसती फुसफुस आली. मी बटण सोडून थांबले. मनात म्हटलं, रागावलेले असू देत. ओट्यावरची बाज चार पावलांवर होती. चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी मी सेट कानाशी धरून तिथंच उभी होते.